प्रेंदच्या वडिलांचा व्हिसा

प्रेंद इटलीतल्या आमच्या गावाबाहेरच्या कत्तलखान्यात डुकरे मारीत असे. दिवसाला तीनशे. कानामागे विजेचा चिमटा, मागचा पाय साखळीत, मग गळ्यात सुरी. संध्याकाळी घरी आला की अंगणातल्या नळावर ब्रशने नखे घासून रक्त काढी आणि त्याशिवाय आपल्या दोन मुलींना हात लावीत नसे. अकरा वर्षे तो माझ्या खालच्या मजल्यावर राहत होता, पुढे बायकोमुलींसह, आणि त्या अकरा वर्षांत त्याचा चढलेला आवाज मी एकदाही ऐकला नव्हता. माझी बहीण म्हणे, "गळे कापणारा माणूस इतका मवाळ कसा गं?" मी म्हणे, दिवसभर तेच केल्यावर घरी आणखी कशाला करील?

३ फेब्रुवारी २००९, मंगळवार, धुके, अशी माझ्या वहीत नोंद आहे. त्या दिवशी तो कागदांची फाइल घेऊन वर आला.

"सिन्योरा, तुमचं अक्षर चांगलं आहे."

"नन्सनी छड्या मारून चांगलं केलंय ते. काय भरायचंय?"

"आईवडलांना इकडे आणायचंय. मी एकुलता एक, माझ्याशिवाय त्यांना कुणी नाही. कायद्यात बसतं."

मी चष्मा लावला. वडील ज्येलोश, वय सहासष्ट. आई द्राने, वय त्रेसष्ट. राहणार अल्बानियात, श्कोडर शहराच्या वरच्या डोंगरातले एक खेडे. अर्ज कशासाठी, या रकान्याशी मी थांबले. "आजारी आहेत का वडील?"

"नाही."

"मग?"

"घराबाहेर पडत नाहीत. बारा वर्षं झाली. बाहेर पडले तर मारतील."

मग त्याने सांगितले. सत्त्याण्णव साली सगळ्या अल्बानियाने शस्त्रागारे लुटली तेव्हा प्रत्येक घरात बंदूक आली. त्या उन्हाळ्यात पाटाच्या पाण्यावरून त्याच्या काकाने दोदाय घराण्यातल्या एकाला पोटात गोळी घातली. काका तुरुंगात तापाने मेला. डोंगराच्या नियमात तापाने मेलेला धरत नाहीत. दोदायांना या घरातला एक पुरुष मारायचा हक्क उरलाच. पुरुष दोनच होते, ज्येलोश आणि वीस वर्षांचा प्रेंद. प्रेंद बोटीत बसून इटलीत आला. बाप घरात बसला. उंबऱ्याच्या आत मारायचे नाही, एवढा नियम दोदायही पाळत.

"अंगणात अंजिराचं झाड आहे," प्रेंद म्हणाला. "आई आत नेऊन देते तेव्हा त्यांना अंजीर मिळतं."

"आणि पोलीस?"

"पोलिसाचाही मामा कुणीतरी दोदाय असतो, सिन्योरा."

एक गोष्ट मात्र त्याने सांगितली नाही. लपवली नाही, लहानपणापासून ती त्याला इतकी ठाऊक होती की कुणाला सांगावी लागते हे त्याच्या मनातच आले नाही.

अर्जाला सात महिने लागले. नगरपालिकेचा माणूस टेप घेऊन खोल्या मोजायला आला. सहा माणसांना जागा पुरेना, तेव्हा माझ्या यजमानांच्या सुतारकामाची खोली मी त्यांच्या नावे जोडून दिली. मोजणारा म्हणाला, "सिन्योरा, या लोकांना एक खोली दिली की पुढच्या वर्षी तुम्ही गच्चीवर झोपाल." प्रेंद रंधे आणि करवती उचलीत होता. तो म्हणाला, "झोपतील की. वर हवा चांगली असते." सप्टेंबरात परवानगी आली. प्रेंदने त्या खोलीला पांढरा रंग दिला, मोठा पलंग आणला आणि खिडकी रस्त्याच्या बाजूला मोठी करून घेतली. बापाला दिवसभर रस्ता पाहू दे, म्हणाला.

आता फक्त दोघांनी राजधानीत, तिरानाला जाऊन व्हिसाच्या कचेरीत हजर व्हायचे होते. माणसागणिक वेगळी वेळ घ्यावी लागे. वाचनालयातल्या मुलीच्या मदतीने मी ती संगणकावर घेतली. ज्येलोश साडेनऊ, द्राने नऊ पन्नास. एकाच दिवशी दोघांचे जमले म्हणून मी अगदी खुशीत होते.

"एकाच दिवशी!" प्रेंद म्हणाला. "सिन्योरा, तुम्ही संत आहात." त्याने दिवस पाहिला. वेळा पाहिल्या नाहीत, किंवा पाहिल्या आणि वाचल्या नाहीत.

१२ नोव्हेंबर, गुरुवार. तिथे काय घडले ते मला नंतर द्रानेनेच सांगितले.

डोंगराचा नियम असा की बाईबरोबर चालणाऱ्या माणसाला मारायचे नाही. दोदायांची गाडी पहाटेपासून मागे होती. द्रानेने नवऱ्याचा दंड घरापासून धरला तो तिरानापर्यंत सोडला नाही. वाटेत लघवीला उतरले तेव्हाही ती पाठ करून शेजारी उभी राहिली. कचेरीच्या दोन पायऱ्या, मग काचेचे दार. साडेनऊला ज्येलोशला आत घेतले, ती बाकावर बसली. नऊ पन्नासला तिचे नाव पुकारले. पहारेकरी ज्येलोशला म्हणाला, "तुमचं झालं ना आजोबा? बाहेर थांबा, इथं गर्दी नको."

तो बाहेर गेला. आत राहतो म्हणून हट्ट करायला हवा होता. पण बारा वर्षे बाईच्या आडोशाला राहिलेला माणूस परक्या पोरट्यासमोर "मला बाहेर भीती वाटते" असे कसे म्हणणार? पायरीवर उभा राहून त्याने टोपी काढली आणि तोंड उन्हाकडे केले.

तोनिन दोदाय रस्त्यापलीकडच्या गाडीतून उतरला, चालत आला आणि त्याने चार गोळ्या घातल्या. दोन छातीत, एक मानेत, एक काचेत.

द्रानेला सही येत नव्हती. कारकुनाने तिचा अंगठा शाईत बुडवला होता. ती तशीच धावली आणि मानेतल्या भोकावर तिने तोच अंगठा दाबून धरला. रक्त बोटांमधून उसळून पायऱ्यांवरून खाली जात होते. ते कोमट होते तोवर तिने अंगठा काढला नाही. दोन पोलिसांनी मिळून तो सोडवला.

प्रेंदला फोन दुपारी आला. तो गमबूट न काढताच घरी आला, त्या पांढऱ्या खोलीपाशी गेला आणि बंद दारावर त्याने मूठ मारली. मग पुन्हा, आणि पुन्हा, फळी आरपार फुटेपर्यंत. लेना, त्याची बायको, ओरडत त्याच्या कंबरेला लोंबकळली होती. हाताची तीन हाडे मोडली. गाडीतून मीच त्याला दवाखान्यात नेले. अर्ध्या वाटेत तो म्हणाला, "दोन वेगळ्या वेळा होत्या."

"हो," मी म्हटले.

"तुम्हाला कोण सांगणार होतं." एवढेच.

आठवड्याने दोन्ही घराण्यांतले वृद्ध बसले. त्यांचा एक गेला, यांचा एक गेला. हिशेब मिटला, असे ठरले. प्रेंदने फोनवर "मान्य" म्हटले. मी जिन्यात होते, मी ऐकले. त्या एका शब्दाने त्याला वाटले की आता कुणी कुणाला मारायचे नाही, आई येईल, आणि तो स्वतः कुणाच्या यादीत नसेल.

नाताळच्या आधी त्याचा मामेभाऊ पाश्क बेर्गामोहून आला. हातात पानेत्तोनेचा, नाताळच्या केकचा, खोका. मी लेनाकडे अंडी द्यायला खाली गेले होते. पाश्कने खोका उघडला तर टॉवेलात गुंडाळलेले पिस्तूल.

"मान्य म्हणालास?"

"एकास एक झालं, पाश्क."

"काय एकास एक! आत्या चार पावलांवर होती. बाईसोबतच्या माणसाला मारलं त्यांनी. हा खून नाही भाऊ, ही थुंकी आहे, तुझ्या तोंडावर. पुसत का नाहीस?"

"ती आत होती. ते बाहेर होते. मध्ये दार होतं."

"आता दारामागे लपतोस? बारा वर्षं तुझा बाप लपला, आता तू?"

प्रेंदने त्याला गळपट्टीला धरून उठवले आणि प्लास्टर घातलेल्या हातानेच तोंडावर मारले. प्लास्टरला तडा गेला. पाश्कने त्याच्या पोटात गुडघा घातला, टेबल उलटले, अंडी माझ्या पायांवर फुटली. प्रेंदने त्याला ओढत दाराबाहेर नेले आणि फरशीवर त्याचे डोके दोनदा आपटले. तिसऱ्यांदा मी काठीने प्रेंदच्या पाठीत मारले तेव्हा तो थांबला. पाश्कने दोन दात थुंकले.

"तू डुकरंच मार," तो रक्ताच्या गुळण्या टाकत म्हणाला. "माणूस मारायला माणूस लागतो."

प्रेंदने त्याच संध्याकाळी पिस्तूल पो नदीत फेकले.

द्रानेचा कागद कुठे अडला नाही. डिसेंबरात तिने पुन्हा जाऊन अंगठा दिला आणि मार्चमध्ये ती बसने आली. काळे कपडे, एक बोचके, पाठ ताठ. प्रेंद हात चुंबायला वाकला. तिने त्याच्या एका गालावर चपराक मारली, मग दुसऱ्या. स्थानकावरचे लोक थांबले. मग ती लेनाला म्हणाली, "चल सूनबाई, गाडी कुठे आहे?"

मुलाचे नाव ती घेत नसे. "त्या इटालियनला सांग, जेवण झालंय." मोठ्या खिडकीच्या झडपा ती दिवसाही लावून घेई. माझ्याजवळ मात्र बसे. शेंगा सोलता सोलता एकदा तिने ती सगळी हकिकत सांगितली, लेना इटालियनमध्ये सांगत गेली.

"चार पावलं, म्हातारे. मोजली मी. चार पावलांवर बायको असताना नवरा एकटा कसा? सांग ना."

मला राहवले नाही. "वेळा मी लावल्या होत्या," मी म्हटले.

तिने माझ्याकडे पाहिले आणि हसली. "तू परकी गं. तुझ्याकडे कोण मागणार रक्त? सोल, सोल."

४ एप्रिल, ईस्टर. त्यांच्या डोंगरातली आठ माणसे जेवायला आली होती, मलाही बोलावले होते. पाश्कही आला होता, नवे दात लावून. कोकरू झाले, राकी नावाची त्यांची दारू झाली. मग द्राने स्वतः कॉफी करून घेऊन आली. एकेकाला उजव्या हाताने कप देत ती प्रेंदपाशी आली, खुर्चीच्या कडेला टेकली, तिने एक पाय उचलला आणि गुडघ्याखालून हात घालून कप त्याच्यापुढे केला.

सगळ्यांनी आपले कप खाली ठेवले. लेनाने तोंडावर हात ठेवला. तीच मग माझ्या कानात म्हणाली, "सूड न घेतलेल्याला असा देतात. हा घ्यायचा नसतो. उठायचं असतं, आणि काम करूनच परत यायचं असतं."

पाश्क जरासा हसला. "उठ की, भाऊ."

प्रेंद आईकडे पाहत होता. तिच्या हातातली बशी वाजत होती. त्याने दोन्ही हातांनी कप घेतला, गाळापर्यंत प्यायला आणि खाली ठेवला.

"अजून आहे का, आई?"

तिने तांब्याचे भांडे उचलून त्याच्या अंगावर उपडे केले. उकळती कॉफी मानेवरून छातीवर गेली. सदरा चिकटला, कातडी लाल झाली. लेना किंचाळली. तो जागचा हलला नाही. पाश्क उठला, एकेक करून सगळे उठले, आणि जाताना एकानेही त्याच्याशी हात मिळवला नाही. त्यानंतर त्यांच्यापैकी कुणी त्या घरात आले नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे द्रानेने पुन्हा कॉफी केली आणि पुन्हा गुडघ्याखालून दिली. मानेला मलमपट्टी लावलेल्या प्रेंदने ती घेतली आणि तो डुकरे मारायला गेला. असे सहा वर्षे चालले. मधल्या काळात तिचा इथे राहण्याचा परवाना दोनदा नवा करावा लागला, दोन्ही वेळा त्याने जामिनाच्या जागी सही केली, अर्ज मी भरले. तोनिन दोदाय त्या खुनाची थोडीच शिक्षा भोगून तुरुंगातून सुटला आणि ग्रीसला गेला, हे त्याला कळले. त्याने ऐकले आणि मुलीची सायकल दुरुस्त करीत राहिला.

शेवटच्या हिवाळ्यात द्रानेचे सांधे धरले. एका सकाळी मी सूप घेऊन गेले तेव्हा ती पलंगावर कप हातात घेऊन बसली होती आणि पाय काही केल्या उचलत नव्हता. ती दात खाऊन ओढत होती. कॉफी चादरीवर सांडत होती. प्रेंद कामाचे कपडे घालून समोर उभा होता. तो पलंगापाशी गुडघ्यावर बसला, एका हाताने त्याने तिचा पाय अलगद वर धरला, दुसरा हात खालून घातला आणि तिच्या बोटांतून कप काढून घेतला.