झाकली गाडी सव्वा लाखाची

शेठ हे काही त्यांचं नाव नव्हतं, आणि धंदाही शेठपणाचा नव्हता. जुन्या सोफ्यांना, खुर्च्यांना, गाड्यांच्या सीटांना नवं कापड चढवायचं, आत फोम भरायचा आणि कडेनं बारीक खिळे ठोकायचे. खिळे हाताशी असावेत म्हणून ते तोंडात धरत. त्यामुळे दिवसभर ते गप्प असत आणि संध्याकाळी खिळे काढले की दिवसभराचं साठलेलं सगळं बोलून घेत. त्या वेळी बायको मुद्दाम नळ मोठा सोडून भांडी घासायला बसायची.

आधी गल्लीत सगळे त्यांना कुशनवाले म्हणत. मग त्यांनी गाडी घेतली. गाडी वापरलेली होती, कर्ज मात्र कोरं करकरीत. पहिल्याच दिवशी दुकानाशेजारच्या मोकळ्या जागेत ती लावताना फाटकाच्या खांबाला घासली आणि पुढच्या बाजूला डावीकडे चांगला वाटीएवढा पोचा आला. तो त्यांनी कधी काढून घेतला नाही. "कापडाचं काम असतं तर तासात केलं असतं. पत्र्याचं काम आपलं नाही," असं ते सांगत. दोन-तीन दिवसांनी समोरचा औषधवाला दुकानातून ओरडला, "काय शेठ, निघाली का स्वारी?" आणि तिथून हे नाव चिकटलं. सुरुवातीला ते लाजायचे. मग सवय झाली, आणि पुढे पुढे कुणी कुशनवाले म्हटलं की त्यांना ऐकूच येईनासं झालं.

गाडीत जाण्यासारखं त्यांना फारसं कुठे नव्हतंच. पण शेजारच्या घरात तळमजल्यावर टायपिस्टमावशी राहायच्या. एका कचेरीत जन्मभर टाइपरायटर बडवून निवृत्त झालेल्या, एकट्या, जिभेनं तिखट. त्यांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं होतं आणि दर मंगळवारी व्यायामाला जावं लागे. तिथल्या फिजिओथेरपिस्टला त्या 'पाय वाकवणारी मुलगी' म्हणत. शेठनी गाडीतल्या डाव्या सीटसाठी खास त्यांच्या मापाची उशी बनवली होती, एका बाजूला उंच, दुसऱ्या बाजूला मऊ. मावशी तिच्यावर बसत आणि पूर्ण रस्ताभर सांगत, "हळू रे, हळू चालव." सायकलवाले मागून येऊन पुढे निघून जात तरी सांगत. शेठ म्हणत, "हो मावशी," आणि ब्रेकवर पाय ठेवत.

मग एका नाट्यगृहाच्या खुर्च्यांचं मोठं काम आलं. शेठनी लाल मखमलीचे तागे उधारीवर आणले, निम्म्या खुर्च्या शिवून झाल्या आणि नाट्यगृहच बंद पडलं. खुर्च्या आत, कुलूप बाहेर, आणि पैसे देणारा माणूस फोन उचलेना. गाडीचा हप्ता आधीच नाकापेक्षा मोती जड असा होता. आता तर नाक वर काढायलाही जागा उरली नाही.

वसुलीवाले एका सकाळी आले. शेठच्या डोळ्यांसमोर दांडगे, आडदांड लोक होते. आले ते दोघे साधे, सभ्य. त्यातल्या एकाला सर्दी झालेली. कागद दाखवून त्यांनी किल्ली मागितली. शेठनी ती मुकाट्यानं दिली आणि मग एकदम म्हणाले, "गाडी तुमची. पण सीटकव्हरं माझी. ती मी शिवलीत."

सर्दीवाल्यानं कागद उलटसुलट वाचला. त्यात सीटकव्हरांचा उल्लेख नव्हता. "काढून घ्या," तो शिंकत म्हणाला.

शेठनी एकेक हूक सावकाश सोडवला, जणू कव्हरं नीट निघाली तर गाडी राहणार होती. तोवर वसुलीवाले दुकानातल्या सोफ्यावर बसले आणि सर्दीवाल्याला तिथे गाढ झोप लागली. आपल्या हातच्या सोफ्यावर माणूस असा झोपला याचं शेठना त्याही अवस्थेत बरं वाटलं. मग त्याला उठवलं, आणि गाडी गेली. ती कोपऱ्यावरून वळली तेव्हा शेठ कव्हरांचा आणि उशीचा गठ्ठा छातीशी धरून उभे होते. त्यांना फार वाईट वाटत होतं. तोंडात एकही खिळा नव्हता, तरी बोलता येईना.

त्या दिवशी औषधवाल्याची सुट्टी होती आणि गल्ली कामाला गेलेली, त्यामुळे कुणी काही पाहिलं नाही. बायको म्हणाली, "गेली तर गेली. लोकांना सांगून टाका, म्हणजे काय बोलायचं ते एकदाच बोलतील."

"उद्या सांगतो," शेठ म्हणाले.

पण मोकळ्या जागेत गाडीवर घालायचं राखाडी कव्हर नुसतं भुईवर पडलं होतं, आणि ते शेठना बघवेना. फक्त दोन दिवसांपुरतं म्हणून त्यांनी त्याच्याखाली एका जुन्या सोफ्याचा लाकडी सांगाडा सरकवला. त्यावर कव्हर फारच ओबडधोबड दिसत होतं, म्हणून पुढे बॉनेटच्या जागी खोकी मांडून वर फोम लावला. मग टप. दुपारी औषधवाला जेवायला गेला की शेठ एकेक भाग दुकानातून नेऊन कव्हराखाली बसवत. हाताला काम नव्हतंच, आणि वाईट काम करायची त्या हाताला सवय नव्हती. शेवटी, ठेवायला दुसरी जागा नाही असं स्वतःला सांगून त्यांनी आतल्या सोफ्याला ती सीटकव्हरंही चढवली आणि डावीकडे मावशींची उशी ठेवली.

बायकोनं कव्हर उचलून आत पाहिलं आणि पुन्हा खाली सोडलं. "झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात," ती म्हणाली. "पण मूठसुद्धा घरी बनवणारे तुम्हीच पहिले."

"दोन दिवस गं."

"आणि तिसऱ्या दिवशी हॉर्न बसवणार का?"

शेठना गाडीपेक्षा ते नाव जाईल याची धास्ती होती. माणूस एकदा शेठ झाला की पुन्हा कुशनवाला व्हायला त्याला फार खाली उतरावं लागतं, असं त्यांना वाटे. खरं तर गल्लीत पायरी एकच होती, पण वर चढून बसलेल्याला ते कोण सांगणार!

आता या कामात एक चूक झाली, आणि ती फक्त कुशनवाल्याच्याच हातून होण्यासारखी होती. सगळं त्यांनी फार चांगलं भरलं. कडा गोल आल्या, उतार सुरेख आला, आणि डावीकडचा पोचा ठेवायचं राहून गेलं. औषधवाला दोन दिवस बघत राहिला आणि तिसऱ्या दिवशी रस्ता ओलांडून आला.

"काय शेठ, गाडीनं बाळसं धरलंय!"

"कव्हराला आतून अस्तर लावलंय," शेठ खिळ्यांच्या फटीतून म्हणाले.

"आणि पोचा?"

"अस्तर जाड आहे."

तेवढ्यात औषधवाल्याचं मांजर रोजच्या सवयीनं बॉनेटवर उडी मारून बसलं आणि पोटापर्यंत आत रुतलं. त्यानं एकदा इकडेतिकडे पाहिलं, अंगाची गुंडाळी केली आणि डोळे मिटले. औषधवाल्यानं मांजराकडे पाहिलं, शेठकडे पाहिलं आणि रस्ता ओलांडून परत गेला. गल्लीतल्या प्रत्येकाचं दुखणं त्याला माहीत असायचं, पण चिठ्ठीशिवाय तो काही बाहेर काढत नसे.

एवढ्यावर थांबलं असतं तर सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण मंगळवार आला.

"मावशी, गाडीतून आवाज येतोय," शेठ म्हणाले. पुढच्या मंगळवारी बॅटरी उतरली. त्याच्या पुढच्या मंगळवारी कुठलासा पार्ट बाहेरून यायचा होता. मावशी म्हणाल्या, "मग मी टॅक्सीनं जाते की." त्यावर मुकाट्यानं हो म्हणायचं सोडून आमचे शेठ काय म्हणाले? "छे छे! टॅक्सीच्या सीटवर तुमचा खुबा टिकायचा नाही. पुढच्या मंगळवारी मी आहे ना!" सुंभ जळला होता, पीळ गेला नव्हता. आणि मावशी त्यांचं ऐकून थांबल्या.

चौथ्या मंगळवारी शेठ एका खुर्चीच्या पाठीला कापड लावत होते. शेजारी मावशी पिशवी घेऊन आपल्या दारात आल्या. त्यांच्या दाराला एकच पायरी. महिन्यापूर्वी त्या ती काठी टेकून उतरत. आज त्यांनी दोन्ही हातांनी चौकट धरली, पाय पुढे केला, ओठ दाबले, पाय मागे घेतला आणि आतल्या खुर्चीवर बसून राहिल्या. शेठची हातोडी खिळ्याऐवजी अंगठ्यावर बसली. तो अंगठा तोंडात घालायला तोंडात जागा नव्हती.

ते खिळे काढून उठले आणि मावशींकडे गेले. सांगूनच टाकायचं, असं ठरवून गेले.

"झाली का रे गाडी?" मावशींनी विचारलं. त्या विचारण्यात शंकेचा लवलेशही नव्हता.

"होईल," शेठ म्हणाले, आणि परत आले. त्या रात्री त्यांना जेवण गेलं नाही. बायकोनं ताट उचललं आणि पहिल्यांदाच काही टोमणा मारला नाही. त्याचंच त्यांना जास्त लागलं.

पुढच्या मंगळवारी दुपारी दुकानासमोर एक स्कूटर थांबली. स्कूटरवरून हत्यारांची पिशवी घेऊन एक धिप्पाड माणूस उतरला. मागोमाग औषधवाल्याचा हात धरून, थांबत थांबत, मावशी रस्त्यावरून आल्या.

"हा माझा भाचा," त्या म्हणाल्या. "गॅरेज आहे याचं. तुझ्या गाडीचा आवाज फुकट बघून देईल. किती दिवस त्या पार्टची वाट बघशील?"

शेठच्या तोंडात खिळे गच्च भरलेले. "अं! अं अं!" करत ते दोन्ही हात पसरून धावले. भाच्याला वाटलं, उपकार नको म्हणताहेत. "असू द्या हो काका, घरचंच काम आहे," असं म्हणून त्यानं कव्हर उचललं.

मांजर उडी मारून निघून गेलं. खोकी, फोम, आणि मधोमध सीटकव्हर चढवलेला सोफा असा सगळा संसार उघडा पडला. भाचा खाली वाकला, आत बघितलं, सरळ झाला आणि कारागिराच्या गंभीरपणानं म्हणाला, "मावशी, हिला इंजिन नाहीये."

औषधवाल्याला खोकला आला. तो बराच वेळ टिकला.

शेठनी तोंडातले खिळे एकेक करून तळहातावर काढले. तेवढाच वेळ मिळाला. "गाडी नेली, मावशी," ते म्हणाले. "हप्ते थकले होते. तुमचा पहिला मंगळवार चुकला, त्याच्या पाच-सहा दिवस आधीच."

मावशी काठी टेकत सोफ्याला वळसा घालून गेल्या आणि डाव्या बाजूला सावकाश बसल्या. हातानं उशी चाचपून पाहिली.

"माझी उशी ठेवलीस."

"हो."

"अरे, गाडी गेली याचं मला वाईट वाटतं. कशी जपायचास ते मी बघितलंय. पण माझे चार मंगळवार कुणी नेले? ते काही बँकेनं नेले नाहीत."

शेठ मान खाली घालून उभे राहिले. "लाज वाटली, मावशी."

"माझी? माझ्या खुब्यात लोखंड घातलंय, ते मी दूधवाल्यापासून सगळ्यांना सांगत असते. आणि तुला एक गाडी गेल्याचं मला सांगवेना?" "दारात बसून मी तुझी वाट बघत होते रे. गाडीची नाही."

शेठच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही; लपवायची त्यांची उमेदच संपली होती.

"पुढच्या मंगळवारी..." त्यांनी सुरुवात केली.

"पुढचं नाव काढू नकोस. आज काय वार आहे?"

भाच्याच्या स्कूटरवर मावशींचं बसणं शक्य नव्हतं. बसचा थांबा कोपऱ्यावरच होता. शेठनी सोफ्यावरची उशी उचलून काखेत मारली आणि दुसरा हात मावशींना दिला. बायको वरून धुतलेला शर्ट घेऊन आली. "हा घाला. आणि हातातले खिळे आधी ठेवा, नाहीतर त्यांच्या दंडाला टोचाल."

ते फाटकातून बाहेर पडले तेव्हा औषधवाला आपल्या दारात परत पोचला होता. "काय शेठ," तो ओरडला, "निघाली का स्वारी?"

शेठ क्षणभर थांबले. मागे वळून बघावं की नाही, त्यांना कळेना. "निघाली," ते म्हणाले, आणि चालू लागले.

बसमध्ये एका माणसानं मावशींना जागा दिली. शेठनी आधी उशी ठेवली, उंच बाजू बरोबर आली का ते दाबून पाहिलं आणि मग त्यांना बसवलं. स्वतः शेजारी दांडा धरून उभे राहिले. बस निघाली ती धडधडत.

"हळू रे, हळू," मावशी म्हणाल्या. ड्रायव्हर कुठल्या कुठे पुढे बसलेला.

"हो मावशी," शेठ म्हणाले, आणि त्यांचा उजवा पाय आपोआप बसच्या फरशीवर दाबला गेला.

मावशींनी खाली पाहिलं. तो पाय त्यांच्या ओळखीचा होता. "दाब," त्या म्हणाल्या. "जरा आणखी दाब."

शेठनी दाबला. पुढे थांबा आला होता, म्हणून बस हळू झाली.

"बघ," मावशी म्हणाल्या, "अजून जमतंय की तुला."