कमलामामींच्या लॅपटॉपचं जॉब कार्ड

फोन उचलला तर आधी तंबोरा ऐकू आला. मग कमलामामींचा आवाज आला.

"शिंदे, परत काळोख झाला रे."

"पूर्ण काळी झाली स्क्रीन?"

"पूर्ण. जानकी दिसेना, तिचा आवाजही गेला. मी कांही दाबलें नाहीं. शपथ!"

शपथ ऐकून मला कसंतरीच झालं. शहात्तर वर्षांच्या बाईंनी एका लॅपटॉपपायी शपथ घ्यावी, आणि तीही माझ्यासमोर! त्याला कारण मीच होतो. मागे तंबोरा वाजतच होता. मी तो ऐकला आणि सोडून दिला. उद्या चारला घरी येतो म्हणालो.

माझं सांगायचं तर चेन्नईजवळ आवडी नावाचं गाव आहे, तिथल्या एका फॅक्टरीत मी तीस वर्षं उपकरणांची देखभाल केली. निवृत्त झाल्यावर कराडला परत जायचं ठरलं होतं, पण चेन्नईची सवय सुटली नाही. तिथंच अंबत्तूर भागात एक खोली घेतली आणि लॅपटॉप दुरुस्त करायला लागलो. फॅक्टरीतून दोन गोष्टी सोबत आणल्या. एक, दुपारी चार ते पाचच्या मध्ये बसल्या जागी डुलकी घ्यायची खोड. दुसरी, जॉब कार्ड. दुरुस्तीला काहीही आलं की त्याचं कार्ड भरायचं. तक्रार, तपासणी, कारण, उपाय. आमचे साहेब म्हणायचे, "शिंदे, बाकी काही करा, कारणाचा रकाना रिकामा ठेवू नका." तीस वर्षांत मी तो एकदाही रिकामा ठेवला नाही. यात शहाणपण किती आणि हट्ट किती, हे तेव्हा कुणी विचारलं नाही.

कमलामामी माझ्या नात्यातल्या नव्हेत, इकडे वयस्क बाईंना मामीच म्हणतात; त्या तंजावरकडच्या मराठी. त्यांचे पूर्वज तिकडे कधी गेले ते त्यांनाही नीट माहीत नाही. शाळेत गाणं शिकवून निवृत्त झाल्या, आता घरून ऑनलाइन शिकवतात. मराठी बोलणारा दुरुस्तीवाला भेटला म्हणून त्या माझ्यावर खूश होत्या. माझं मराठी त्यांना उर्मट वाटे. त्यांचं मराठी मला शंभर-दोनशे वर्षं मागं नेऊन बसवी. त्या बोलायला लागल्या की मी कामात असूनही कामात नसायचो.

तर त्यांचा लॅपटॉप. मधेच स्क्रीन काळी व्हायची, केव्हाही. पहिल्यांदा आणला तेव्हा मी म्हणालो, "फक्त लॅपटॉप आणि चार्जर ठेवून जा, बाकी काही नको." हे वाक्य मी प्रत्येकाला सांगतो. खोली लहान आहे, लोक पिशव्या ठेवून जातात.

काळ्या स्क्रीनची तपासणी ठरलेली असते. आधी टॉर्च मारायचा. अंधारात पुसटसं चित्र दिसलं तर मागचा दिवा गेला. मग दुसरा मॉनिटर जोडायचा. त्यावर चित्र आलं तर दोष स्क्रीनचा नाहीतर केबलचा. स्क्रीनला जोडणारी पातळ केबल बिजागरीतून जाते आणि उघडझाप करून झिजते. म्हणून झाकण हळूहळू पुढं-मागं करून बघायचं. मग लॅपटॉप तापवायचा, कारण काही दोष तापल्याशिवाय तोंड दाखवत नाहीत. मी सगळं केलं. दोन दिवस त्यावर व्हिडिओ लावून ठेवला. स्क्रीन एकदाही काळी झाली नाही. केबल चांगली होती, तरी बदलली. हात शिवशिवले की माणूस असं करतो.

मग कार्ड भरायला बसलो. तक्रार लिहिली, तपासणी लिहिली. कारणाचा रकाना समोर मोकळा. खाली विजेच्या तारेवर कावळा बसला होता. त्याच्याकडे बघत मी बराच वेळ बसलो आणि मग दोन शब्द लिहिले. युजर एरर. म्हणजे यंत्र ठीक आहे, चूक वापरणाऱ्याची.

ते कार्ड मामींनी जपून पिशवीत ठेवलं. त्यांचा मुलगा माधव बंगळुरूहून आला तेव्हा त्यानं ते वाचलं. त्याचा फोन आला.

"अंकल, कार्ड पाहिलों. मी सांगतच होतों. अम्माच कांहीतरी प्रेस करते आणि विसरते. प्रॉब्लेम लॅपटॉपचा नव्हे."

"तसं नक्की म्हणता येणार नाही..."

"तुम्हींच लिहिलांत की! परवा गॅसही बंद करायचा विसरली. एकटी राहते, मला झोंप येत नाहीं. पुढच्या संडेला येतों आणि तिला बंगळुरूला घेऊन जातों. क्लास बंद. आतां पुरे."

मुलगा वाईट नव्हता. घाबरलेला होता. पण त्यानं घाबरायला जो पुरावा घेतला होता, तो माझ्या हातचा होता, निळ्या शाईत, सहीसकट. आणि मला ठाऊक होतं की तो पुरावा नव्हता. रकाना रिकामा राहू नये म्हणून मी ठोकून दिलेली थाप होती. मला माझी लाज वाटली.

तंबोऱ्याच्या त्या फोननंतर दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, मी चारला पोहोचलो. इंडस्ट्रियल इस्टेटच्या मागच्या गल्लीत पहिल्या मजल्यावर मामींचं घर. खाली एका लेथ मशीनची घरघर, वर मोगऱ्याचा वास. खिडक्यांना ओले पंचे लावलेले, त्यातून येणारा उजेड हिरवट. आत शिरलं की आपण तळ्याच्या तळाशी बसलोय असं वाटायचं. मामींनी कॉफी दिली आणि हळूच म्हणाल्या, "माधवास सांगूं नकोस. एक सांगतें."

"सांगा."

"हें सगळ्या क्लासांत होत नाहीं, रे. वर्णम् शिकवितें, कीर्तन शिकवितें, सगळें कर्नाटकी गाणें, तेव्हां कांही होत नाहीं. आमचीं मराठी पदें शिकवायला बसलें कीं होतें. आईनें शिकविलेलीं. तीं आतां मजशिवाय कोणास येत नाहींत. एक जानकीच शिकते." जानकी म्हणजे त्यांच्या भाचीची मुलगी, सिंगापूरला असते. "मज वाटतें, तीं पदें गातांना माझाच हात कांपत असेल. मन कुठें जात असेल आणि बोट कुठें पडत असेल. माधव म्हणतो तें खरेंच असेल."

त्यांचे डोळे भरले. मी कॉफीच्या टंबलरमध्ये बघत राहिलो. यंत्र गाणं ओळखत नाही, एवढं मला माहीत होतं. पण दोष एकाच गाण्याला येत असेल तर तो 'केव्हाही' येत नाही. त्याला काहीतरी नेम आहे. दुरुस्तीवाल्याला यापेक्षा चांगली बातमी नसते.

"काळी झाल्यावर परत कशी सुरू होते?" मी विचारलं.

"मी श्रुतिपेटी बंद करून मांडीवर घेऊन स्वस्थ बसतें. थोड्या वेळानें आपणच येतें."

श्रुतिपेटी म्हणजे विजेवरचा तंबोरा. डब्याएवढी पेटी, बटण दाबलं की सूर वाजत राहतात. चेन्नईत गाणं शिकवणाऱ्या कुठल्याही घरात ती असतेच. मामींचं हे उत्तर नीट ऐकलं असतं तर माझं काम तिथंच झालं होतं. मी मान डोलावली आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत जाऊन बसलो.

मामी चटईवर बसल्या. पुढ्यात पाट, पाटावर लॅपटॉप. पाट एवढा की लॅपटॉप ठेवल्यावर बोटभर जागा उरत नव्हती. त्यांनी एक जीर्ण वही काढली, नमस्कार केला, उघडली आणि लॅपटॉपवरच उजव्या हाताला टेकवून ठेवली. श्रुतिपेटी लावून डाव्या हाताला ठेवली. जानकी स्क्रीनवर आली, दोन वेण्या, चष्मा. "नमस्कार, आजी." मग गाणं सुरू झालं.

त्या खोलीत त्या वेळी जागं राहणं अवघड होतं. पंखा फिरत होता. लेथची घरघर आणि तंबोरा यांचा सूर कुठंतरी जुळला होता. मामी एक ओळ गायच्या, जानकी ती परत गायची. शब्द मराठी होते, मला कळत होते, तरी कुठल्या तरी दुसऱ्या जन्मात ऐकल्यासारखे लांबून येत होते. मला कराडचा घाट दिसायला लागला. पाण्यात पाय सोडून मी बसलोय आणि समोरच्या काठावर कुणी गातंय, आणि त्या काठावरून तेच गाणं परत येतंय. माझा डोळा लागला. लाजत नाही, लागला.

जाग आली ती कशानं, हे आधी कळेना. आवाज झाला नव्हता. उलट एक आवाज गेला होता. मामींची ओळ संपली होती आणि समोरच्या काठावरून ती परत येत नव्हती. फक्त तंबोरा वाजत होता.

डोळे उघडले. स्क्रीन काळी. मामी दोन्ही हात वर धरून बसल्या होत्या, पोलिसांनी पकडल्यासारख्या.

"पाहा, शिंदे! मी हात लावला नाहीं. पाहिलेंस ना?"

पाहिलं नव्हतं, झोपलो होतो. पण आता पाहिलं. पदाच्या ओघात मामींनी पेटी जरा स्वतःकडे ओढून घेतली होती. ती लॅपटॉपच्या डाव्या कोपऱ्यावर होती, कीबोर्डच्या खाली, जिथं आपण मनगट टेकवतो तिथं.

मी उठलो आणि पेटी उचलली. दोन सेकंदांत स्क्रीन उजळली. परत ठेवली. काळोख. उचलली, उजेड. असं मी चार वेळा केलं. सिंगापूरची ती पोर घाबरली असणार.

आता यात काय आहे ते सांगतो. झाकण मिटलं की लॅपटॉप झोपतो, उघडलं की जागा होतो. झाकण मिटलंय हे त्याला कसं कळतं? झाकणाच्या कडेत एक बारीक चुंबक असतो आणि खाली, मनगटाच्या जागी, चुंबक ओळखणारा सेन्सर. चुंबक जवळ आला की लॅपटॉप समजतो, मिटलं झाकण. फ्रिजचं दार लागलं की आतला दिवा विझतो, तसंच हे. आणि श्रुतिपेटीत स्पीकर असतो. स्पीकर म्हटला की त्यात चांगला जाडजूड चुंबक आलाच. तीस वर्षं मी उपकरणं उघडत आलोय. हे मला टॉर्च मारायच्या आधी सुचायला हवं होतं. पण माझ्या खोलीत लॅपटॉप एकटा आला होता. पिशवी नको म्हणणारा मीच.

"मामी, पेटी खाली चटईवर का नाही ठेवत?"

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी कराडला परत जावं. "वाद्य भुईवर? पायांजवळ? अय्यो!"

"मग वर्णमच्या वेळी कुठं असते?"

"उजवीकडे. हाताशीं."

आणि पदांच्या वेळी उजवीकडे वही. म्हणून पेटी डावीकडे. सेन्सर डावीकडे. नेम सापडला.

मामींनी वहीवरून हात फिरवला. मग म्हणाल्या, "म्हणजे चूक माझीच कीं."

"नाही. पण वही ठेवली नाही तर पेटी उजवीकडे राहील. वहीशिवाय जमेल का? पदं पाठ नसतील तर..."

मामींनी वही मिटली. पेटी उजवीकडे ठेवली. "जानकी, ऐक," म्हणाल्या आणि डोळे मिटून पद पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटलं. सगळी कडवी, कुठं अडखळणं नाही. स्क्रीन उजळ होती. जानकी हलत नव्हती. खालची लेथ मधेच थांबली, चहाची वेळ झाली असेल. मी उभाच होतो, हातात स्क्रूड्रायव्हर.

"सगळं पाठ आहे!" मी म्हणालो. "मग वही कशाला उघडता?"

"आईचें अक्षर आहे त्यांत," मामी म्हणाल्या. "पद आईचें. म्हणतांना तें पुढें असलें कीं बरें वाटतें."

मी तिथंच बसून नवं कार्ड भरलं. कारणाच्या रकान्याशी येऊन थांबलो. या वेळी लिहायला इतकं होतं की रकाना पुरेना. शेवटी लिहिलं: श्रुतिपेटीतला चुंबक झाकणाच्या सेन्सरवर आला. वापरणाऱ्याची चूक नाही. मागील कार्डावरील कारण न तपासता लिहिले होते, ती चूक तंत्रज्ञाची. खाली सही केली आणि फोटो काढून माधवला पाठवला.

त्याचा लगेच फोन आला. मी स्पीकरवर घेतला.

"अंकल, म्हणजे ती विसरत नाहीं?"

"गॅसचं मला माहीत नाही. गॅस मीही विसरतो. पण आत्ता माझ्यासमोर त्यांनी अख्खं पद न बघता म्हटलं."

मग तो म्हणाला, "कुठलें? आजीचें?"

"होय रे, कण्णा," मामी मधेच म्हणाल्या. "तुज झोपवितांना म्हणत होतें तें."

माधव रविवारी आला, ठरल्याप्रमाणे. येताना बंगळुरूहून एक छोटा पाट करून घेऊन आला, श्रुतिपेटीपुरता. गॅसला आपोआप बंद होणारं बटण लावून घेतलं आणि संध्याकाळच्या गाडीनं एकटाच परत गेला. क्लास चालू आहे. वही उजवीकडे असते, पेटी तिच्या पाटावर.

मी आता लोकांना सांगतो, लॅपटॉप आणाल तेव्हा रोज त्याच्याशेजारी जे जे ठेवता तेही घेऊन या. खोलीत पाय ठेवायला जागा उरलेली नाही. आणि कारण सापडलं नाही तर कारणाचा रकाना मी रिकामा ठेवतो.