आमच्या डॉक्टरची झोप

देवगाव फाट्याजवळ अंगदची मोटारसायकल उभ्या ट्रकला धडकल्याचा फोन आला, तेव्हा मी बोरीतल्या माझ्या खताच्या दुकानात बसलो होतो. चालवता चालवता डोळा लागला म्हणे... जागीच गेला. महिना झाला. आम्ही एका बाकावरचे, आणि लहानपणापासून मी त्याच्यावर जळत आलोय. तो मेडिकलला लागला तेव्हा गावात एवढे पेढे वाटले की मुंग्यांनाही साखरेचा आजार झाला. माझी आई मला वाढतानासुद्धा त्याचंच नाव घ्यायची.

पुढं शहरातल्या सरकारी दवाखान्यात तो एमडी करायला लागला, आणि गावाला जणू घरचाच दवाखाना मिळाला. म्हैस आटली तरी फोन अंगदला. तो दोन-दोन दिवस सलग ड्यूटीवर, वर आमची माणसं पेशंट घेऊन थेट त्याच्या होस्टेलच्या दारात. नाही म्हणावं तर डॉक्टर माजला. शेवटच्या खेपेला गावानं त्याचा सत्कार ठेवला. शाल, फेटा, नारळ... आणि सरपंचांच्या भाषणात हा खुर्चीवरच घोरायला लागला. माइकमधून ते घोरणं पार सेलूच्या बाजारात ऐकू गेलं. लोकांनी हसून टाळ्या वाजवल्या. मी जळालो. झोपलेल्या माणसालाही टाळ्या!

तिथून तो दुकानात आला नि युरियाच्या पोत्यांवर आडवा झाला. "तुझा लय हेवा वाटायलाय बग," म्हणाला. "दुपारच्याला कसा निवांत झोपतूस."

मी गारच पडलो. जन्मभर हेवा करायचं काम माझं, त्यातही हा पुढं?

त्याची आई डबा घेऊन आली होती. त्याचे डोळे बघून म्हणाली, "सोड ते शिकणं. घरी ये, बाबा."

"मी न्हाई गेलो तर माज्या जोडीदारावर दोन वॉर्ड पडतेत, आई. त्योबी माज्यावानीच झालाय."

निदान पोटभर झोपावं म्हणून काकूंनी गाडीची चावी कमरेला खोचून ठेवली. पहाटे त्यानं मागितली. डॉक्टर झालेल्या लेकाला नाही कसं म्हणायचं... दिली.

अजून दुपारी मी शटर अर्धं खाली ओढतो, तो आल्यावर ओढायचो तसं, डॉक्टर आत आहे हे कुणाला कळू नये म्हणून. गिऱ्हाईक वाकून विचारतं, उघडं हाय का? मी ओठांवर बोट ठेवतो. मग त्याच पोत्यांवर पडतो. कुंभकर्णाची शिकवणी घ्यावी अशी माझी झोप होती, आता डोळ्याला डोळा लागत नाही. त्याला हेवा वाटावा अशी तेवढी एकच गोष्ट माझ्यापाशी होती. तीही घेऊन गेला.