धुतलेलं पान

कल्याणला आमचं शेतीच्या औषधांचं दुकान होतं. नव्वदच्या आसपास दर शनिवारी एक गृहस्थ तिथे येऊन बसायचे. पिकांच्या रोगांवर संशोधन करायचे. खिशात पेनाऐवजी भिंग असायचं.

एकदा जवळच्या मोहने गावची एक बाई भेंडीचं पान घेऊन आली. झाडं वाळत होती. पण साहेबांना दाखवायचं म्हणून तिनं पान स्वच्छ धुतलेलं! मी सवयीनं हाताला लागली ती बाटली काढली. त्यांनी मला थांबवलं.

"बाई, डॉक्टरकडे जाताना ताप घरी ठेवून जाता का?"

दुपारी ती पदराआड दुसरं पान जपत परत आली. त्यावर भुरीची पिठासारखी पांढरी बुरशी होती.

"साहेब, ताप आनलाय."

भिंग खिशातच ठेवून ते मला म्हणाले, "भुरीवर गंधक दे."