खिडकीवरचं ओलं पोतं

अमरावतीच्या बसस्टँडजवळ परवा एक नवा फलक दिसला. आई आणि बाळासाठी 'सर्वांगीण स्वास्थ्य'. गरोदरपणापासून बाळ वर्षाचं होईपर्यंत आहार, मालिश, मनःशांती, सगळं एका छताखाली. फलकावर एक गोरीपान आई, एक गुटगुटीत बाळ, मागं पांढरा पडदा. तिसरं माणूस नाही. माझं डोकं तिथंच फिरलं. एक बाई आणि एक लेकरू, बाकीचं घर जणू वाऱ्यावर उडून गेलं. हे चित्र ज्यानं काढलं त्याच्या घरी बाळंतीण होती तेव्हा हा बाहेर पेपर वाचत बसला असणार.

गावोगाव बाळंतिणींसाठी काम करणाऱ्या आमच्या गटाची पत्रकं मी लिहिते. गरोदर बाईचं ताट, बाळंतिणीची झोप, पहिला चीक फेकू नका, असली. पत्रक रागातच चांगलं उतरतं, म्हणून त्याच तावात लिहायला बसले. पण चार ओळी झाल्या आणि आमच्या घराची मागची खोली आठवली. ओव्याचा, सुंठीचा, धुतलेल्या लंगोटांचा तो वास नाकात आला, आणि पत्रक बाजूला राहिलं.

आमचं घर अंजनगावच्या बाजूला. विड्याच्या पानाचा मळा आहे. पानमळा ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगते: बाहेर वऱ्हाडचं ऊन माती भाजत असतं, आणि कुडाच्या आत शेवरी-पांगाऱ्याच्या दाटीत वेली चढलेल्या, खाली ओल, वर हिरवा अंधार. आत जायचं तर अंघोळ करून, अनवाणी. थुंकायचं नाही, मोठ्यानं बोलायचं नाही. आणि बाळंतिणीला शिवलेला माणूस सव्वा महिना मळ्यात पाय टाकत नाही. टाकला तर वेल जळते, म्हणतात. बाईचा तर विषयच नको. मुलगी मोठी झाली की तिच्यासाठी कुडाचं दार बंद. ताई आधी बाहेर राहिली, दोन वर्षांनी मी. यावर मी बाबांशी जितकी भांडले तितकी कुठल्या सरकारी साहेबाशी भांडले नाही.

तर ताईचं पहिलं बाळंतपण. सासर अकोल्याचं, भाऊजी तिथं डाळमिलमध्ये. रिवाजाप्रमाणं ती माहेरी आली, आणि होळी झाल्यावर दिवस भरायच्या आधीच मोकळी झाली. मुलगी. इतकी लहान की दवाखान्यात पहिल्यांदा उचलली तेव्हा हातात नुसतं फडकंच आहे असं वाटलं. काही दिवस तिथं ठेवून घेतलं, मग घरी सोडताना नर्सबाईंनी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली.

"हिले छातीले लावून ठेवा. उघड्या अंगाले उघडं अंग. आई थकली तं दुसऱ्यानं घ्या, पण हे पोरगी गार पडली नाही पायजे. पाय गार लागले तं समजा, वजन वाढवाचं दूध सगळं ऊब धरण्यातच चाललं."

आमच्याच पत्रकात हे छापलेलं होतं, चित्रासकट. चित्रात उघड्या छातीचा एक बाप्या, पोटाशी बाळ बांधलेलं. गावोगाव बाया ते पाहून पदरात हसत. आमच्या मायनंही पाहिलं होतं. "असा माणूस कुठी भेटते गं?" एवढंच म्हणाली होती.

मागच्या खोलीत आम्ही तिघींनी पाळ्या लावल्या. ताई, माय आणि सुट्टी टाकून आलेली मी. ते दिवस आठवले की अजून छातीच्या मधोमध एक छोटं, गरम ओझं जाणवतं. पोरगी बेडकासारखे पाय करून चिकटायची. माझ्या छातीवर तोंड घासून दूध शोधायची आणि ताई खाटेवरून म्हणायची, "तिकडे काही नाही रे बाप्पा, मावशी कंगाल हाय." हसता हसता तिचे टाके दुखायचे, मग ती मला शिव्या द्यायची. माय डिंकाचा लाडू घेऊन यायची आणि दोघींना दटावायची.

मायचं नि माझं धुरीवरून वाजलं. मी म्हटलं, लेकराच्या खोलीत धूर नाही म्हणजे नाही. तिनं शेगडी अंगणात नेली आणि तिच्यावर बाळाची फडकी शेकून आणायला लागली. फडक्यांना ओव्याचा वास. "आता हे बी तुह्या कागदात नाई का?" "हे चालते," मी म्हटलं. "मोठी आली चालवणारी," असं म्हणून तिनं ती गरम फडकी माझ्या गालाला लावली.

बाबा आत येत नसत. पानाचा खुडा, म्हणजे तोडणी, जवळ आला होता. ते अंगणातून खिडकीशी यायचे, पाठ करून उभे राहायचे आणि विचारायचे, "पेली का?" आतून कुणीतरी "हाव" म्हणायचं. "झोपली का?" "हाव." झालं आजोबाचं बाळंतपण. मला ते पाहून तिडीक यायची. पण पाणी तापायला लाकूड कमी पडलं असं त्या दिवसांत एकदाही झालं नाही, आणि ते कोण फोडून ठेवत होतं हेही मला दिसत होतं.

मग ऊन चढलं. एका दुपारी बाहेरून ठोकल्याचा आवाज आला. बाबा खिडकीच्या चौकटीला खिळे ठोकत होते. त्यांनी पोतं पाण्यात बुडवून खिडकीवर लावलं. आमच्याकडे खुडलेली पानं ठेवतात तिथं असंच करतात. पानाला ऊन लागलं की ते करपतं, म्हणून ओलं पोतं, ओलं फडकं, जमिनीवर पाण्याचा शिडकावा. खोली गार झाली. ताई कितीतरी दिवसांनी गाढ झोपली. आम्हाला सगळ्यांना बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

नेमकी त्याच वेळी मायला सर्दी झाली, आणि मला खोकला. दोघींनी खोलीबाहेर राहायचं ठरवलं. बाळ एकट्या ताईकडे. तिनं छातीशी धरलं, धरलं, शेवटी थकून शेजारी ठेवलं आणि तिचा डोळा लागला. बाहेरून बाबा पोतं वाळलं की पुन्हा ओलं करत होते. पोतं वाळू द्यायचं नसतं, एवढं ते जन्मभर शिकले होते.

दिवेलागणीला मी नाकाला रुमाल बांधून ताईचा चहा ठेवायला गेले. पोरगी दुधाच्या वेळेला जागी झाली नव्हती. मी तळपायाला हात लावला. मळ्यातून आणलेल्या पानासारखा गार. ताईला हलवलं तर तिचा झगा दुधानं आणि घामानं ओला, हात बर्फासारखे, तीच कुडकुडत होती. तिच्या अंगात द्यायला ऊब नव्हती.

"बाबा, ते पोतं काढा," मी खिडकीतून म्हटलं.

"कावून? आत्ताच ओलं केलं."

"लेकरू गार पडून राहिलं. काढा."

"अवं, उन्हाचं गार पडते का कोणी? नाजूक जिनसेले गर्मीच मारते. पान पाह्यलं ना तू..."

"ते पान नाही ना, बाबा."

पोतं खिळ्यांसकट उपटून निघालं. त्यामागं बाबांचा चेहरा होता. इतक्या दिवसांत पहिल्यांदा ते खिडकीकडे तोंड करून उभे होते.

मी नर्सबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "कोरड्या फडक्यात घ्या, टोपी घाला, आणि आत्ताच्या आत्ता कोणाच्या तरी गरम छातीले लावा. अर्ध्या तासात पाय नाही तापले तं तडक घेऊन या." शेजारच्या गाडीवाल्याला तयार राहायला सांगितलं. आता छाती कुणाची? माय शिंकत होती. मी खोकत होते. भाऊजी अकोल्यात.

"बाबा, आत या," मी म्हटलं. "सदरा काढून या."

स्वयंपाकघराच्या दारात काकू उभी होती. बाबांच्या धाकट्या भावाची बायको; विटाळाच्या धास्तीनं ती बाळंतिणीच्या खोलीत पाऊल टाकत नसे. ती मोठ्या दिराशी समोरासमोर बोलत नाही, डोक्यावर पदर घेऊन हवेशी बोलते. हवेला म्हणाली, "उद्या खुडा हाय म्हणा. आत गेले तं सव्वा महिना मळा बंद. मंग वेलीचं काही झालं तं आमाले बोलू नोका."

बाबांनी खाली आपल्या पायांकडे पाहिलं आणि वळून मोरीकडे चालू लागले. मला वाटलं, गेले. हे असेच. पत्रकातला बाप्या पत्रकातच बरा. मग बादलीचा आवाज आला. ताईसाठी तापवलेलं पाणी ते भराभर अंगावर ओतत होते.

"बाबा, ही का अंघोळीची वेळ आहे?"

पंच्यानं अंग लाल होईपर्यंत कोरडं केलं. उंबऱ्याबाहेर चपला काढल्या, अगदी कुडाच्या दाराशी काढतात तशा, जोडून. आणि अनवाणी, पाय न वाजवता आत आले. तेव्हा मला कळलं की हे मळ्यात चालले आहेत. हात लागला तर करपेल अशा जागी जायची त्यांना एकच रीत माहीत होती.

मी पोरीला त्यांच्या छातीवर उभी ठेवली, मान एका कुशीला. मायनं तिचं मऊ, जुनं लुगडं उंबऱ्यातून आत टाकलं. मी गुंडाळून गाठ मारायला लागले तर बाबा हळूच म्हणाले, "तशी नाही. वेल बांधतानी गाठ वेलीवर येऊ नाही देत. खांबावर घेतात." गाठ त्यांनी स्वतःच्या पाठीमागं घ्यायला लावली. मग भिंतीला टेकून बसले. श्वाससुद्धा जपून.

ताई कोरडे कपडे घालून, घोंगडी घेऊन त्यांच्याकडे बघत होती. थोड्या वेळानं बाबांनी लुगड्याखाली हात घालून तळपाय धरला.

"कसा हाय?" ताईनं विचारलं.

"अजून नाही."

बाहेर गाडीवाला विड्या ओढत बसला होता. मग पोरगी कण्हली. मग तिनं बाबांच्या छातीवर तोंड घासायला सुरुवात केली. पांढऱ्या केसांत नाक खुपसून शोधायला लागली.

"आता हिले का सांगू मी?" बाबा म्हणाले. ताई रडता रडता हसली. टाके दुखले, शिवी दिली. मी पायाला हात लावला. गरम होता.

पळीनं दूध पाजलं ते त्यांच्या छातीवरच. गाडीवाल्याला परत पाठवलं.

दुसऱ्या दिवशी खुडा काकानं केला. बाबा सव्वा महिना मळ्यात गेले नाहीत. आमच्या इतक्या पत्रकांना जे जमलं नव्हतं ते त्यांनी त्या खोलीत केलं. चपला बाहेर, हात धुऊन, गर्दी नाही, मोठ्यानं बोलायचं नाही. सोयरे बाळ पाहायला आले की उंबऱ्यातूनच पाहायचे. एका मामेआत्यानं मुका घ्यायला वाकून पाहिलं, तर बाबा म्हणाले, "दुरून, बाई." आत्या रुसून गेली. सुट्टीला आलेल्या भाऊजींना त्यांनी खांबावरची गाठ शिकवली आणि बाजूला बसून तपासली. ताई दुपारी झोपायची, पोटभर जेवायची, तिच्या गालावर रंग आला. आणि पोरगी अंगानं भरायला लागली, आधी मांड्या, मग गाल.

मळ्यात एक ओळ पिवळी पडली. काकूनं हवेला सांगितलं, विटाळ बाधला. मी हवेलाच सांगितलं, काकानं पाण्याची पाळी चुकवली. खरं मलाच माहीत, आणि काकाला.

मला त्या खोलीत परत जाता आलं तर मी लगेच जाईन. ती भिंत, टेकून बसलेले बाबा, लुगड्यातून बाहेर आलेली टोपी. फलकवाल्यांनी त्यांच्या पांढऱ्या पडद्यापुढं असा एक माणूस बसवून दाखवावा.

ती पोरगी आता शाळेत जाते. उन्हाळ्यात अकोल्याहून येते आणि सकाळी बाबांच्या खांद्यावर बसून मळ्यात जाते. कुडाशी आल्यावर तिच्या चपला तीच काढते, जोडून ठेवते. मागल्या मे महिन्यात ताई आणि मी तिथंवर गेलो होतो. मी नेहमीसारखं विचारलं, "आम्ही कधी, बाबा?" बाबा नेहमीसारखं म्हणाले, "पाहू." आणि नातीला घेऊन आत गेले. जिला त्यांनी बाळंतिणीच्या खोलीत छातीवर धरलं ती आत, आणि तिला जन्म देणारी उन्हात. हा हिशेब मला पटत नाही, पटणारही नाही.

आतून पोरीचा आवाज आला. "आई, इथी गारगार हाय. तू बी ये ना."

बाबांचा आवाज आला नाही. "नोको" असाही नाही.

ताईनं चपला काढल्या. आत गेली नाही. तापलेल्या मातीवर, जोडून ठेवलेल्या दोन छोट्या चपलांशेजारी, अनवाणी उभी राहिली आणि वाट पाहू लागली.