इंग्रजीच्या मास्तरानं शोधलेलं वाठार

आमच्याकडं माणसाला नाव नसलं तरी एकवेळ चालतं, गाव लागतं. एसटीत शेजारी बसलेला गडी तंबाखू मळता मळता विचारतो, "गाव कंचं म्हनायचं?" सांगली म्हटलं तर त्याचं भागत नाही. "ते ऱ्हायचं झालं. मूळचं कंचं?" या 'मूळचं'वाल्यांचा मला जन्मभर राग आहे. त्यांच्या बापजाद्यांनी गाव सोडलं नाही यात त्यांचं कर्तृत्व काय, हे मला अजून कळलेलं नाही.

माझे वडील मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. बाटलीला मात्रेची कागदी पट्टी चिकटवताना त्यांनी हा प्रश्न हजारदा ऐकला आणि दर वेळी 'मिशन कंपाउंड' एवढंच उत्तर दिलं. एकदा एक पेशंट म्हणाला, "आवं, ते गाव न्हवं, ते कुंपान हाय!" बाकावरचे सगळे हसले. बाबाही हसले. त्या दिवशी घरी येऊन मात्र ते जेवले नाहीत.

कारण साधं होतं. आजोबा म्हणजे जुन्या मोठ्या दुष्काळात रस्त्याकडेला सापडलेलं चार-पाच वर्षांचं पोर. साताऱ्याला मिशनच्या अनाथाश्रमात वाढले, सुतारकाम शिकले, सांगलीला आले आणि बाबा लहान असतानाच वारले. गावाबद्दल कधी बोलले नाहीत. सत्तरीच्या उंबऱ्यावर बाबा मला एकदा म्हणाले, "मरायच्या आधी गावाचं नाव तेवढं कळलं असतं, तर बरं झालं असतं रं."

मी तेव्हा हायस्कुलात इंग्रजी शिकवत होतो. आश्रमाची जुनी वही चर्चमध्ये आहे आणि ती इंग्रजीत आहे, असं कळल्यावर मला वाटलं, हे काम देवानं माझ्यासाठीच राखून ठेवलंय. असं वाटलं की समजावं, आता आपण तोंडावर पडणार.

साताऱ्याच्या चर्चच्या पाळकांनी कपाटातून वही काढून दिली. मोठी, कातडी पुठ्ठ्याची, वाळवीनं कडा खाल्लेली. गोऱ्या पाद्र्याचं अक्षर असं तिरकं की सगळं पान वाऱ्यावर झुकल्यासारखं दिसावं. आजोबांची ओळ सापडली. वजन लिहिलं होतं. अंगावर खरूज आहे, दात इतके, डोक्यात उवा, सगळं होतं. बाप्तिस्म्याचं नवं नाव मोठ्या अक्षरात होतं. आईच्या नावापुढं आडवी रेघ. आधीच्या नावापुढं आडवी रेघ. उवांची दखल घेणाऱ्या माणसाला पोराचं नाव विचारायला सवड नव्हती. माझं डोकं फिरलं. मी पाळकांना म्हणालो, "साहेब, हा माणूस पोरं गोळा करत होता का मेंढरं?" पाळक गरीब. म्हणाले, "अहो, शेवटचा रकाना तरी बघा."

शेवटच्या रकान्यावर लिहिलं होतं: कुठला, ते मुलाच्याच तोंडून. त्यात एकच शब्द होता. मी वाचला, 'वाठार'. खालच्या पोरासमोर 'औंध' होतं, म्हणजे रकाना गावांचाच, यात शंका उरली नाही. वरची ओळ वाचायची गरज मला वाटली नाही. हे वाक्य मी मुद्दाम लिहितोय. वरची ओळ वाचायची गरज मला वाटली नाही.

पण सातारा जिल्ह्यात वाठार म्हणजे काय एक आहे? वाठार स्टेशन आहे, वाठार किरोली आहे, कराडकडं एक आहे, फलटणकडं एक आहे. मी मोजणीच्या कचेरीत खेटे घातले. तिथला कारकून दर वेळी पान लावत म्हणायचा, "नकाशा हाय, पर नकल करणारा रजेवर हाय." एकदा मी चिडून म्हणालो, "मग त्याचं गाव कुठलं ते सांगा, तिथं जाऊन आणतो." त्यानंतर मला तीन महिने नकाशा मिळाला नाही. शेवटी मिळाले ते नकाशे गुंडाळून, लाल पेन्सिल खिशात घालून, मी दोन वर्षं सुट्टीच्या दिवशी वाठारं हिंडलो.

एका वाठारात, कुठल्या ते सांगत नाही, पलटणीतून निवृत्त झालेल्या एका म्हाताऱ्याच्या ओसरीवर मी नकाशा पसरला आणि विचारलं, "आमची जमीन कुठल्या अंगाला असेल?"

म्हातारा उठून उभाच राहिला. आत ओरडला, "अगं, च्याचं आधन उतीर! वाटनी मागायला आलाय ह्यो!"

"जमीन नको हो मला," मी म्हणालो. "फक्त गाव पाहिजे."

"कागुद करून देशील?"

"आत्ता देतो."

"मग बस की रं गड्या! तू आमचाच." आणि आत, "ठेव गं आधन!" त्यांच्या भाऊकीतलं एक पोर दुष्काळात हरवलेलं होतंच. कुणाच्या भाऊकीत नव्हतं? पण मला ते सुचलं नाही. मी आनंदानं रडलो, म्हाताराही रडला, आणि त्यानं माझ्याकडून हक्क नसल्याचा कागद मात्र आठवणीनं लिहून घेतला.

बाबांना मी तिथं नेलं. त्यांना टॉवेल-टोपी दिली. कुणाचं तरी शेत दाखवून म्हणाले, हे तुमच्या वाडवडलांचं असणार. बाबांनी ढेकूळ उचलून हातात धरलं. बहात्तरचा दुष्काळ चालू होता. गावच्या विहिरीचा तळ उघडा पडला होता, टँकरभोवती घागरींची झुंबड होती. त्या झुंबडीतून वाट काढत मी बापाला गाव दाखवत होतो. त्यानंतर बाबा एसटीत स्वतःहून शेजाऱ्याला विचारायला लागले, "तुमचं गाव कंचं? आमचं वाठार."

मग मला खाज सुटली. पाळकांकडून दाखला घ्यावा, सही-शिक्क्याचा. परत साताऱ्याला गेलो. पाळक वही चाळत होते. मध्येच एका पानावर थांबले. पाद्र्यानं तिथं आश्रमाच्या आडाबद्दल लिहिलं होतं, आड आटला, पाणी मचूळ झालंय. पाळकांनी त्या ओळीतल्या एका शब्दावर बोट ठेवलं. मग आजोबांचं पान काढून तिथं दुसरं बोट ठेवलं. डब्ल्यू, ए, टी, ई, आर. पाचवीच्या पोराला येणारा शब्द. गाव शोधत आलेल्या माणसालाच त्यात गाव दिसू शकतं.

आता मी वरची ओळ वाचली. वरच्या पोरानं सांगितलेलं होतं, 'आई'. पाद्र्यानं त्याचंही इंग्रजी करून गावाच्या रकान्यात नीट बसवलं होतं.

मला त्या पाद्र्याच्या थडग्यावर जाऊन त्याला हलवून उठवावंसं वाटलं. अरे, पोरानं पाणी म्हटल्यावर तांब्या उचलतात की टाक?

बाबांना सांगणं भाग होतं. ते अंगणात दाढी करत बसले होते. मी सांगितलं. त्यांनी वस्तरा खाली ठेवला. अर्ध्या गालाला साबण तसाच.

"काय इचारलं आसंल त्याला?"

"कुठला, म्हणून."

"आन् त्यो म्हनला पानी."

"हो."

"मग दिलं का?"

आई दारातून म्हणाली, "दिलंच असंल की! न्हाईतर तुमी कुठनं आला असता?"

"ते मला कळतंय," बाबा तिच्यावर खेकसले. मिशनबद्दल वाकडा शब्द न काढणारा माणूस. "लिवलंय का, ते इचारतोय. जा. बघून ये."

मी गेलो. पाळकांनी आणि मी भिंग घेऊन ते पान वरून खाली, पुढून मागून वाचलं. केस कापल्याचा दिवस होता. देवी टोचल्याचा होता. परत येऊन मी तसं सांगितलं.

"उवा लिवल्यात?"

"लिहिल्यात."

"आन् पानी न्हाई."

"नाही."

मला वाटलं, आता बाबा पाद्र्याला शिव्या घालतील. पण म्हणाले, "त्यो परका व्हता. त्याला आपली भाषा धड येत नसंल. तू तर दोन्ही शिकल्यालास. ल्योक असून दोन वर्सं काय वाचत व्हतास रं मास्तर? लेकरू पानी मागतंय, आन् तू नकाशे घेऊन हिंडतोस."

मग पोस्टकार्ड आणायला लावलं आणि वाठारच्या म्हाताऱ्याला पत्र सांगितलं. लिहायला अर्थात मीच: 'आपले गाव आमचे नव्हे. माझा मुलगा इंग्रजीचा शिक्षक असल्यामुळे चूक झाली. माझे वडील गाव सांगत नव्हते, पाणी मागत होते. टॉवेल-टोपी परत पाठवतो. राग नसावा.'

"वाच," बाबा म्हणाले. मी वाचलं.

"शेवटचं खोड," ते म्हणाले. "राग नसावा, ते खोड. राग कुनाला तरी याय पायजे."