हृदयासाठी मऊभात

शारजात अरुणरावांच्या डब्यांचं नाव होतं ते मिठासाठी. हमरिया भागातल्या कारखान्यांना त्यांची आमटी जायची, आणि पातेल्यावरची वाफ नुसती हुंगून ते म्हणायचे, "शालिनी, चिमूटभर कमी आहे." शालिनीबाईंना मनस्वी राग यायचा, कारण चिमूटभर खरंच कमी असायचं.

दोन हजार दोनच्या उन्हाळ्यात हा माणूस जिना चढताना मध्येच खाली बसला. हृदय पसरलं होतं, जोर गेला होता.

"पण झालंय काय?" शालिनीबाई विचारतच राहिल्या, तेव्हा हॉस्पिटलातल्या, मूळच्या हैदराबादच्या डॉक्टर बदरुन्निसांनी समजावलं. प्रत्येक पेशीत अख्ख्या शरीराचं पुस्तक असतं. हृदयाच्या पेशीत काही प्रथिनं पहारा देतात: हृदयाची पानं उघडी, बाकीची बंद. या पेशी सहसा नव्याने बनत नाहीत, म्हणून आहेत त्यांनाच जन्मभर हृदय म्हणून राहावं लागतं. "बोझ बहुत दिन रहे, तो मां के पेट में जो पन्ने खुले थे, वो फिर खुलने लगते हैं." तेव्हा गोळ्या, पाणी मोजून, मीठ बंद.

शालिनीबाईंनी घरी आणलं ते एवढंच: ह्यांचं हृदय बाळ झालंय!

मग बाळाचे लाड सुरू झाले. मऊभात, तूप, मेतकूट. दुपारी पेज, वरून मीठ.

"आई, डॉक्टर सेड नो सॉल्ट!" लेक उर्वी ओरडली.

"ते मोठ्या माणसाला गं. एवढ्याशा जिवाला आळणी कसं द्यायचं?"

अरुणरावही वाटी चाटूनपुसून खात. आठवड्यात पाय सुजले, आडवं होताच श्वास कोंडायला लागला. पुन्हा हॉस्पिटल. शालिनीबाईंनी पेजेचं कौतुकाने सांगितलं, तेव्हा डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

"बच्चा नहीं हुआ, बहन. थका हुआ है. नमक से पानी भरा, वही बोझ बना."

"म्हणजे मीच..." शालिनीबाईंनी खुर्ची पुढे ओढली. "वो पन्ने बंद होंगे?"

"बोझ उतरे तो कभी-कभी होते हैं. इन्शाल्ला."

हा शब्द त्यांनी या देशात प्लंबरपासून घरमालकापर्यंत सगळ्यांकडून ऐकला होता. त्याचा असा धाक कधी वाटला नव्हता.

घरी आल्यावर त्यांनी आळणी भात भरवला. अरुणरावांनी डोळे मिटून घास गिळला.

"कसंय हो?"

"छान. बेतशीर आहे."

शालिनीबाईंचा पुढचा घास वाटीतच राहिला. मिठाबाबत हा माणूस कधी खोटं बोलला नव्हता. पेशींचं सोडा, आता हाच विसरायला लागला की काय, आपण कोण ते! त्या ओट्यापाशी जाऊन उभ्या राहिल्या. डब्यांची आमटी उकळत होती, पण त्यांना काही दिसत नव्हतं.

आतून धापा टाकत आवाज आला, "शालिनी... आमटीत... चिमूटभर..."

त्यांनी पळी बुडवली. चाखली.

चिमूटभर खरंच कमी होतं.